शरद पवारांचा राजीनामा, राष्ट्रवादीची फूट आणि आपले चंद्रपूर-गडचिरोली

दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात राजकीय पक्षांवर एक धडा आहे. त्यात राष्ट्रीय पक्षांच्या यादीत राष्ट्रवादी काँग्रेसचंही नाव आहे. हा धडा शिकवताना एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "सर, यातली राष्ट्रवादी कुठली? घड्याळवाली की तुतारीवाली?" वर्ग हसला. पण तिचा सवाल चुकीचा नव्हता. पुस्तक छापलं तेव्हा पक्ष एक होता आणि राष्ट्रीय होता. आज तो राष्ट्रीयही नाही आणि एकही नाही.

त्याच सुमारास अहेरीकडचे एक बुजुर्ग चाचा भेटले. बरीच वर्षं घड्याळाला मत देणारे. त्यांनी विचारलं, "मास्टरसाब, घडी अपनीच है ना अभी?" मुलगी आणि चाचा दोघांचा प्रश्न एकच होता. म्हणून ही सगळी हकीकत तारखांसह एका जागी लिहून ठेवतो आहे. घरातल्या शिकणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल आणि मोठ्यांनाही. २०२४ च्या अखेरपर्यंतचा हिशेब यात आहे.

पक्ष कसा निघाला

१९९९ च्या मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर या तिघांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढला. काँग्रेसने तिघांनाही पक्षातून काढलं. १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. एक मराठा, एक ईशान्येकडचे ख्रिस्ती आदिवासी आणि एक बिहारी मुसलमान, असे तिघे संस्थापक. पण पुढे संगमा २०१२ मध्ये बाहेर पडले. तारिक अन्वर २०१८ मध्ये काँग्रेसमध्ये परत गेले. उरले एकटे पवार.

ज्या काँग्रेसशी भांडून पक्ष निघाला, तिच्याशीच काही महिन्यांत महाराष्ट्रात युती झाली आणि ती १५ वर्षं सत्तेत राहिली. विधानसभेत पक्षाला १९९९ मध्ये ५८, २००४ मध्ये ७१, २००९ मध्ये ६२, २०१४ मध्ये ४१ आणि २०१९ मध्ये ५४ जागा मिळाल्या. २००४ ला तर काँग्रेसपेक्षाही जास्त.

पवारांबद्दल दोन मतं का आहेत

पवारांचं नाव काढलं की एकाच घरात दोन मतं निघतात. आपल्या समाजातही तसंच आहे.

एक बाजू अशी. मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या दिवशी ते मुख्यमंत्री होते. स्फोट हिंदूबहुल भागांत झाले होते. पवारांनी मस्जिद बंदर भागातही स्फोट झाल्याचं सांगितलं. तसं झालेलं नव्हतं. शहरात पुन्हा दंगल भडकू नये म्हणून आपण तसं बोललो, हे त्यांनी नंतर स्वतः कबूल केलं. जानेवारी १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार त्यांनीच केला. जुलै २०१४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९७८ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी ते मुख्यमंत्री झाले, ते वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून. ऑक्टोबर २०१४ मध्ये निकालाच्या दिवशीच, कोणी मागितलेला नसताना, त्यांच्या पक्षाने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला. ५ टक्के आरक्षणाचंही तेच. शिक्षणातला भाग मुंबई हायकोर्टाने रोखला नव्हता. पण अध्यादेशाची मुदत संपली आणि नव्या भाजप सरकारने कायदा केला नाही. पुढे २०१९ ते २०२२ या काळात राष्ट्रवादी पुन्हा सत्तेत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये अल्पसंख्याक खात्याचे मंत्री नवाब मलिक यांनी शिक्षणात ५ टक्के देण्याची घोषणा विधान परिषदेत केली. कायदा काही आला नाही.

तेव्हा "पवार आपले" म्हणणाऱ्याकडेही दाखले आहेत आणि "पवारांचा भरवसा नाही" म्हणणाऱ्याकडेही.

२ मे ते २ जुलै २०२३

१० एप्रिल २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचा राष्ट्रीय दर्जा काढून घेतला. त्याआधी फेब्रुवारीत शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला मिळालं होतं. आता नंबर राष्ट्रवादीचा, अशी कुजबुज सुरू होती.

२ मे २०२३. मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटरला पवारांच्या 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीचं प्रकाशन होतं. तिथेच त्यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. सभागृहात रडारड झाली. कार्यकर्ते जागचे हलेनात. गंमत अशी की त्याच पुस्तकात उद्धव ठाकरेंनी न लढता मुख्यमंत्रिपद सोडल्याबद्दल पवारांनी नाराजी लिहिली आहे.

नवा अध्यक्ष ठरवायला नेत्यांची समिती बसली. ५ मे ला समितीने राजीनामाच नामंजूर केला. त्याच संध्याकाळी पवारांनी तो मागे घेतल्याचं सांगितलं. त्या पत्रकार परिषदेला अजित पवार हजर नव्हते. १० जूनला सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल यांना कार्याध्यक्ष केलं गेलं. काही दिवसांनी अजित पवार जाहीरपणे म्हणाले की मला विरोधी पक्षनेतेपदातून मोकळं करा आणि पक्षसंघटनेचं काम द्या.

२ जुलैला रविवार होता. दुपारी राजभवनावर अजित पवारांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. त्यांच्याबरोबर आणखी आठ जण मंत्री झाले: छगन भुजबळ, दिलीप वळसे पाटील, हसन मुश्रीफ, धनंजय मुंडे, अदिती तटकरे, संजय बनसोडे, अनिल पाटील, आणि अहेरीचे आमदार धर्मरावबाबा आत्राम.

मे महिन्यातला राजीनामा खरा होता की ठरवून केलेला, यावर दोन्ही गट पुढे भांडत राहिले. राजीनामा आधीच ठरलेला होता असं अजित पवार सभेत म्हणाले. शरद पवारांनी ते नाकारलं. आपण त्या भांडणात न पडता एवढंच नोंदवू की राजीनाम्याने पुढचा अध्यक्ष कोण हा प्रश्न उघडा पडला आणि तो मागे घेतल्याने प्रश्न मिटला नाही.

राजीनामा तीन प्रकारचा असतो

हे मी मुलांना नेहमी समजावतो, कारण बातम्यांत सगळं एकत्र होतं.

पहिला, पदाचा राजीनामा. मुख्यमंत्र्याने तो राज्यपालांकडे द्यायचा. तो स्वीकारला गेला की विषय संपला. उद्धव ठाकरेंनी २९ जून २०२२ ला राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरवला. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून पद सोडलं होतं, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही, असंही सांगितलं. एक सही किती महाग पडते ते इथे दिसतं.

दुसरा, आमदारकीचा राजीनामा. तो विधानसभा अध्यक्षांकडे द्यायचा. मंजूर झाला की पोटनिवडणूक होते आणि लोकांना पुन्हा विचारलं जातं.

तिसरा, पक्षातल्या पदाचा राजीनामा. हा पक्षाच्या घरातला मामला. पक्षानेच स्वीकारायचा किंवा फेटाळायचा. पवारांचा राजीनामा या जातीचा होता, म्हणून तीन दिवसांत परत घेता आला. १९९२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंनीही शिवसेना सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. शिवसैनिक गोळा झाले आणि तो निर्णय मागे घेतला गेला. एका माणसावर उभ्या असलेल्या पक्षात असा राजीनामा म्हणजे बऱ्याचदा ताकद मोजण्याचं माप असतं.

घड्याळ कोणाकडे गेलं, आणि का

पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, १९८५ साली आली. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तरी आमदारकी वाचायची. २००३ च्या दुरुस्तीने ती सवलत काढली. आता दोन तृतीयांश आमदार घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं.

मग अजित पवार गट वाचला कसा? तो कुठे विलीन झालाच नाही. "आम्ही फुटलो नाही, आम्हीच पक्ष आहोत," असा त्यांचा दावा होता. शरद पवारांचाही दावा तोच. असे दोन दावे आले की निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ प्रमाणे ठरवतो. त्याला आधार आहे १९७१ च्या सादिक अली खटल्याचा. काँग्रेस फुटली तेव्हाचा हा खटला. सादिक अली हे इंदिरा गांधींच्या विरोधातल्या गटाचे नेते. बहुमत कोणाकडे हे पाहणं योग्य आहे, असं कोर्टाने त्यात मान्य केलं. हेच सादिक अली पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, आणि १९७८ मध्ये शरद पवारांनी पहिल्यांदा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा राजभवनात तेच होते. ज्यांच्या नावाच्या खटल्याच्या आधारे पवारांच्या हातून घड्याळ गेलं, त्यांच्याच काळात पवार मुख्यमंत्री झाले होते.

६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. आमदार-खासदार मिळून ८१ पैकी ५७ जणांची प्रतिज्ञापत्रं त्यांच्या बाजूने होती. पक्षाच्या अंतर्गत निवडणुका नीट झाल्याचं आयोगाला दिसलं नाही, म्हणून संघटनेतलं बहुमत मोजलंच गेलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पक्षाने वर्षानुवर्षं आपल्या घरात खऱ्या निवडणुका घेतल्या असत्या, तर साध्या कार्यकर्त्याचंही मत त्या दिवशी मोजलं गेलं असतं.

१५ फेब्रुवारीला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही अजित पवार गटालाच खरी राष्ट्रवादी म्हटलं आणि कोणालाच अपात्र केलं नाही. शरद पवारांच्या पक्षाला 'नॅशनॅलिस्ट काँग्रेस पार्टी - शरदचंद्र पवार' हे नाव आणि 'तुतारी फुंकणारा माणूस' हे चिन्ह मिळालं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये घड्याळ वापरायला तात्पुरती परवानगी दिली, मात्र प्रकरण कोर्टात असल्याचं जाहिरातीत लिहिण्याची अट घातली.

आपल्या दोन जिल्ह्यांत काय बदललं

मुंबईतल्या या घडामोडीचे दोन धागे थेट आपल्या जंगलपट्ट्यात येतात.

अजित पवार गेल्याने विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद रिकामं झालं. ते ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रह्मपुरीचे काँग्रेस आमदार विजय वडेट्टीवार यांच्याकडे आलं. आणि गडचिरोली जिल्ह्यातले राष्ट्रवादीचे एकमेव आमदार धर्मरावबाबा आत्राम अन्न व औषध प्रशासन मंत्री झाले. एका फुटीने चंद्रपूर जिल्ह्याला विरोधी पक्षनेता दिला आणि गडचिरोलीला मंत्री.

अहेरी हा अनुसूचित जमातीसाठी राखीव मतदारसंघ. तिथे राजकारण आत्राम राजघराण्याभोवती फिरतं. धर्मरावबाबांनी आयुष्यात एकाहून जास्त पक्ष पाहिले. १९९१ मध्ये आमदार असताना नक्षलवाद्यांनी त्यांचं अपहरणही केलं होतं. २०१९ मध्ये घड्याळावर लढून त्यांनी भाजपचे अंबरीशराव आत्राम, म्हणजे स्वतःचे पुतणे, यांना हरवलं. चार वर्षांनी ते त्याच भाजपसोबत मंत्रिमंडळात बसले.

मग घरही फुटलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांची मुलगी भाग्यश्री आत्राम शरद पवारांच्या पक्षात गेली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत वडील घड्याळावर, मुलगी तुतारीवर आणि पुतणे अंबरीशराव अपक्ष, अशी एकाच घराण्यातली तिरंगी लढत झाली. धर्मरावबाबांना सुमारे ५४ हजार, अंबरीशरावांना सुमारे ३७ हजार आणि भाग्यश्रींना जवळपास ३६ हजार मतं पडली. धर्मरावबाबा जिंकले. पण डिसेंबरमध्ये नवं मंत्रिमंडळ बनलं, त्यात त्यांचं नाव नव्हतं.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये राष्ट्रवादीचा एकही आमदार नव्हता. इथे लढत काँग्रेस आणि भाजपची. २०२४ च्या लोकसभेत चंद्रपूरला काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांनी सुधीर मुनगंटीवार यांना २ लाख ६० हजारांहून जास्त मतांनी हरवलं. गडचिरोली-चिमूरला काँग्रेसचेच नामदेव किरसान जिंकले. ही जागा लढवायची तयारी धर्मरावबाबांनी दाखवली होती, पण ती भाजपने स्वतःकडेच ठेवली. मोठ्या मित्राबरोबर गेलेल्या छोट्या पक्षाला असं थांबावं लागतं.

मुस्लिम मतदाराचा हिशेब

आपल्या दोन जिल्ह्यांत मुसलमान कुटुंबं थोडी आहेत. बल्लारपूर, चंद्रपूर, राजुरा, आलापल्ली, सिरोंचा अशा ठिकाणी कोळसा खाणी, पेपर मिल, लाकूड, दुकानदारी आणि नोकरीच्या निमित्ताने स्थिरावलेली. एकट्याच्या जोरावर कोणाला निवडून आणण्याइतका आपला आकडा नाही. म्हणून आपण बहुतेक वेळा पक्ष पाहून मत देतो: हा भाजपच्या विरोधात आहे ना, मग याला. २०१९ ला अहेरीत अनेकांनी असाच विचार करून घड्याळाचं बटण दाबलं असेल. त्यांचं मत २०२३ मध्ये दुसरीकडे जाऊन बसलं आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

यात "गद्दार" आणि "निष्ठावान" असं सोपं वाटप करून चालत नाही. २०२४ च्या विधानसभेत राज्यभरातून १० मुस्लिम आमदार निवडून आले. त्यात राष्ट्रवादीचे दोन, कागलचे हसन मुश्रीफ आणि अणुशक्तीनगरच्या सना मलिक. दोघेही अजित पवारांच्या पक्षाचे. अणुशक्तीनगरला त्यांच्यासमोर शरद पवारांच्या पक्षाचे फहाद अहमद होते, म्हणजे दोन्ही राष्ट्रवादींनी मुसलमान उमेदवार दिला होता. सत्तेत राहून काम करून घेता येतं असं एक गट म्हणतो. ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्या मांडीला मांडी लावणं हा धोका आहे असं दुसरा म्हणतो. दोघांनाही विचारायचा सवाल मात्र एकच: शिक्षणातल्या ५ टक्क्यांचं काय झालं?

पक्षाचं पुढे काय

सहा महिन्यांत लोकांनी दोन उलटे निकाल दिले. मे-जून २०२४ च्या लोकसभेत शरद पवारांच्या पक्षाने १० जागा लढवून ८ जिंकल्या, अजित पवारांच्या पक्षाला एकच मिळाली. नोव्हेंबरच्या विधानसभेत अजित पवारांचे ४१ आले आणि शरद पवारांचे फक्त १०. तेव्हा "खरी राष्ट्रवादी कोणती" याचं उत्तर मतदारांनीही एकदाच आणि कायमचं दिलेलं नाही.

पुढचं तीन गोष्टींवर ठरेल. पहिली, १२ डिसेंबर १९४० चा जन्म असलेल्या पवारांनंतर त्यांचा पक्ष कोण सांभाळणार. २ मे २०२३ ला उघडा पडलेला हा प्रश्न अजून तसाच आहे. दुसरी, चिन्हाच्या वादात सुप्रीम कोर्टाचा अंतिम शब्द. तिसरी, जिल्हा परिषद, नगरपालिका, पंचायत समिती या पातळीवर कोणाचे कार्यकर्ते टिकतात. साखर कारखाने आणि सहकारी बँका हा पश्चिम महाराष्ट्रात पक्षाचा कणा होता. आपल्याकडे तो कधी नव्हताच. इथे पक्ष म्हणजे एक घराणं किंवा एक उमेदवार. तो हलला की पक्ष हलला.

त्या मुलीला मी वर्गात एवढंच सांगितलं की पुस्तकातली राष्ट्रवादी आता जुनी झाली. चाचांना मात्र नीट उत्तर द्यावं लागलं. म्हटलं, "चाचा, घड्याळ कोणाचंच नसतं. ते आयोग देतो आणि आयोगच काढून घेतो. अमानत असते ती आपलं मत." मतदान यंत्रावर चिन्हाशेजारी उमेदवाराचं नाव आणि फोटो असतो, तो आधी पाहावा. उमेदवार गावात आला की सुरजागडच्या खाणीतल्या रोजगाराबद्दल विचारावं. मेडीगड्डा धरणाच्या पाण्यात गेलेल्या सिरोंच्याच्या शेतांबद्दल विचारावं. मुलामुलींच्या शाळेबद्दल विचारावं. आणि शेवटी हेही विचारावं की निवडून आल्यावर पक्ष बदलायची वेळ आली, तर आमदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा आमच्या दारात याल का?

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ये आखरी सवाल मैं पूछूंगा."